कापलेली सहा पावलं

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे एवढ्या मोठ्याने की तोंडावर म्हटल्यातच जमा. वीज कंपनीच्या प्रशिक्षण विभागात नव्या लाइनमनसाठी धडे तयार करणं हे तिचं काम. कुणी धडा लिहून आणला की ही टोचायला हजर: हे वाक्य कशाला, हे चित्र कशाला, हा माणूस इथे विनाकारण हसतोय कशाला. आपलं काम ती जरा जास्तच मनावर घेते, यावर विभागाचं एकमत होतं. एरवी चहा किती वाजता यावा यावरही तिथे एकमत होत नसे.

तिच्या वडिलांना मात्र ते नाव फार आवडलं. ते स्वतः जुने लाइनमन. एकोणीस वर्षांपूर्वी खांबावर बसलेल्या झटक्यात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला, आणि तेव्हापासून ते घरी बसून डाव्या हाताने लोकांचे पंखे, रेडिओ, मिक्सर दुरुस्त करत. आई गेल्यापासून घरात तिघंच: बाबा, ती आणि तिच्याहून बारा वर्षांनी लहान असलेली धाकटी. ही धाकटी यंदा लाइनमनच्या नव्या तुकडीत भरती झाली होती. चोवीस जणांत ती एकटी मुलगी. बाबांनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी तिचे नवे बूट स्वतः पॉलिश करून दारात ठेवले, आणि विषय संपला.

तर गोष्ट त्या फिल्मची. प्रशिक्षण विभागाच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की तक्ते आणि पुस्तकं आता पुरे, सुरक्षिततेचा धडा फिल्ममधून द्यायचा. मजकूर टाचणीने लिहिला, तीन महिने खपून. फिल्म बनवायला बाहेरची माणसं आली आणि त्यांनी नायिका म्हणून धाकटीलाच उभं केलं. हेल्मेट घालून खांबाला टेकलेल्या धाकटीचं पोस्टर फाटकावर लागलं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी कंपनीच्या अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन, आणि त्यानंतर फिल्म सगळ्या केंद्रांवर सक्तीची. पुढे खांबावर चढणारा प्रत्येक नवा माणूस हीच फिल्म पाहून चढणार होता.

विभागाला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा खोलीत वीसेक माणसं होती. बावीस मिनिटांची फिल्म. पहिली तीन मिनिटं आकाशातून खांबांच्या रांगा, आणि खाली असं संगीत की आता लढाईच सुरू होणार. मग मिशा असलेला एक बल्ब उड्या मारत आला. त्याचं नाव बल्बूकाका. बल्बूकाका दर दोन मिनिटांनी विनोद करत होते आणि खोली हसत होती. नियम आला की पडदाभर अक्षरं यायची आणि एक गृहस्थ भारदस्त आवाजात तीच अक्षरं वाचून दाखवायचे. त्याच वेळी कोपऱ्यातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत धाकटी ते काम करून दाखवत होती.

टाचणीचं डोकं तिथेच तापायला लागलं. माणूस शिकतो कसा, यावर ठिकठिकाणी झालेल्या प्रयोगांचे निबंध ती सहा वर्षं वाचत होती, शब्दकोश मांडीवर घेऊन, कुणी सांगितलं नसताना. त्यातून तिला एवढं पक्कं कळलं होतं की डोक्यात शिरायला डोळे आणि कान ही दोन दारं आहेत, आणि दोन्ही अरुंद आहेत. डोळ्यांना वाचायला लावलं की ते चित्र पाहत नाहीत. कानाशी ढोल वाजवले की शब्द बाहेरच ताटकळतात. आणि गंमत म्हणून घातलेली गोष्ट तेवढी लक्षात राहते, ज्यासाठी धडा केला ती सांडून जाते. हे सगळं तिने लिहून दिलं होतं. फिल्मवाल्यांनी त्याला भीक घातली नव्हती.

पण ते सगळं तिने गिळलं असतं. चौदाव्या मिनिटाला टेस्टरचा भाग आला आणि ती खुर्चीतून उठली.

टेस्टर म्हणजे लांब काठीच्या टोकावर बसवलेलं एक यंत्र. तारेत वीज असली की ते पीं करून ओरडतं. गाडीपाशी एक छोटी पेटी ठेवलेली असते, तिच्यात मुद्दाम वीज चालू ठेवतात, म्हणून तिला सगळे जिवंत पेटी म्हणतात. आधी टेस्टर या पेटीला लावायचा. ओरडला म्हणजे टेस्टर चांगला आहे. मग खांबापाशी जायचं, सरावाच्या मैदानात ते अंतर बरोबर सहा पावलं होतं, आणि काठी वर करून तारेला लावायची. गप्प राहिला म्हणजे तार बंद आहे. आणि मग, चढण्याआधी, सहा पावलं मागे येऊन तोच टेस्टर पुन्हा पेटीला लावायचा. कारण तार बंद म्हणून तो गप्प राहिला, की मधल्यामधे तो स्वतःच मेला म्हणून, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

पडद्यावर धाकटीने पेटीला टेस्टर लावला. पीं. ती खांबापाशी गेली. काठी वर केली. शांतता. आणि पुढच्या क्षणी ती खांबावर होती.

"थांबवा," टाचणी म्हणाली. "ती परत येते तो भाग कुठे आहे?"

दिग्दर्शक टोपी घातलेला, मवाळ स्वभावाचा माणूस होता. "तो काढला मॅडम. त्या चालतात, लावतात, पीं. परत चालतात, परत लावतात, परत पीं. रिपीट शॉट वाटत होता. माणूस कंटाळतो."

"ते रिपीट नाही. तोच तर धडा आहे. बाकीची सगळी सजावट आहे."

"आहे की तो नियम," साहेब मागे वळून म्हणाले. "अकरावा. पडद्यावर लिहिलाय, आवाजातही आहे. तुम्ही नीट ऐकलं नाहीत."

"मी ऐकलं साहेब. जो हा धडा बघून उद्या चढणार आहे तो नाही ऐकणार. तो बघणार. आणि बघितलं तर ती परत येतच नाही."

साहेबांनी समोरचा गठ्ठा उचलून दाखवला. सकाळीच तुकडीतल्या बारा जणांना फिल्म दाखवून त्यांच्याकडून अभिप्राय भरून घेतले होते. बाराच्या बारा जणांनी 'खूप आवडली' वर खूण केली होती. एकाने तर बल्बूकाकांचं चित्रही काढलं होतं.

"आवडली का, हे विचारून काय करायचं? आली का, ते विचारा," ती म्हणाली. "आठवड्याने मैदानात उभं करा आणि करून दाखवायला सांगा."

"शुक्रवार झाला की बघू," साहेब म्हणाले. साहेबांच्या तोंडी 'बघू' आलं की ती गोष्ट कायमची संपली, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

टाचणीला शुक्रवारपर्यंत थांबायचं नव्हतं. त्याच रात्री जेवण बाहेरून मागवून तिने जेवणाच्या टेबलावर चार पुस्तकांच्या थप्पीवर फोन आडवा ठेवला, खाली कोरा कागद घातला आणि बाबांच्या डाव्या हातात जाड पेन दिलं. त्यांनी एक पेटी काढायची, एक खांब, एक तार, आणि काढता काढता बोलायचं. पडद्यावर एकही अक्षर नाही, संगीत नाही, मिशीवाला बल्ब नाही. जे काढतायत तेच बोलायचं, त्याच क्षणी.

"माझा आवाज फुटक्या भोंग्यासारखा आहे," बाबा म्हणाले.

"असू दे. पण 'प्रशिक्षणार्थ्याने' असं म्हणू नका. 'तू' म्हणा. समोर धाकटी बसली आहे असं समजा."

"ती समोर बसली असती तर आत्ता फोनमध्ये तोंड घालून बसली असती," बाबा म्हणाले, पण बोलले. सहा मिनिटांचा धडा झाला, दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे. प्रत्येक तुकडा संपला की पडदा काळा आणि बाबांचा प्रश्न: "आता काय करशील? मनात म्हण, मगच पुढे जा." तिसऱ्या तुकड्यात बाबांचं पेन खांबापाशी पोचलं, थांबलं, आणि सहा ठिपके काढत पेटीकडे परत आलं. "जा परत," बाबा म्हणाले. "पाय दुखत नाहीत सहा पावलांनी."

दुसऱ्या दिवशी तिने तुकडीतल्या उरलेल्या बारा जणांना, ज्यांनी फिल्म पाहिली नव्हती, हा धडा दाखवला. अभिप्राय घेतले नाहीत. एकाने तोंडीच सांगितलं की फिल्म बघणाऱ्यांची जास्त मजा झाली म्हणे. मग तिने सहा दिवस कुणाला काही विचारलं नाही. ताजं ताजं विचारलं तर पोपटही सांगेल, पण खांबावर जाताना धडा ताजा नसतो.

त्या सहा दिवसांत बाबा एका टेस्टरमागे लागले होते. जुना, बाद झालेला टेस्टर त्यांनी उघडला, तोंडाने स्क्रू धरून, गुडघ्यात दाबून, डाव्या हाताने. आत बारीकसा टायमर बसवला. आता तो टेस्टर एकदा ओरडला की काही क्षणांतच आपोआप मरायचा. पुन्हा जिवंत करायचा तर तळाच्या छिद्रात टाचणी खुपसावी लागे. "तुझ्याच नावाची किल्ली," बाबा तिला म्हणाले.

सरावाच्या मैदानातल्या तारांत वीज नसतेच, त्यामुळे कुणाच्याच जिवाला धोका नव्हता. मंगळवारी सकाळी, साहेब मुख्य कार्यालयात गेलेले पाहून, तिने चोवीस जणांना एकेक करून आत बोलावलं. बाकीचे भिंतीपलीकडे. बाबा पेटीजवळ खुर्ची टाकून बसले, शर्टाची रिकामी बाही खोचलेली, हातात टाचणी. सांगायचं एवढंच: ही तार तपास आणि वर चढ.

सहा मिनिटांचा धडा पाहिलेल्या बारा जणांतले अकरा सहा पावलं परत आले, टेस्टर पेटीला लावला, तो गप्प राहिलेला पाहिला आणि गोंधळून बाबांकडे बघत उभे राहिले. एकजण चढला. फिल्म पाहिलेल्या बारा जणांतले दोघं परत आले. दहाजण चढले.

त्या दहात धाकटी होती.

तिने पेटीला टेस्टर लावला, पीं झालं, ती पोस्टरमधल्यासारख्याच ऐटीत चालत खांबापाशी गेली, काठी वर केली, शांतता ऐकली, काठी टेकवली आणि चढली. चित्रीकरणाच्या दिवशी हीच मुलगी ती सहा पावलं अकरा वेळा मागे चालली होती. पण त्यानंतर तिने ती फिल्म फोनवर तीसदा तरी पाहिली होती, मैत्रिणींना दाखवली होती, आणि पडद्यावरची धाकटी एकदाही मागे आली नव्हती. वर पोचून तिने तारेला हात लावला आणि खाली पाहिलं. बाबा खुर्चीतून उठून उभे होते.  टाचणीने वहीत फुली मारली आणि पुढच्याला बोलावलं.

साहेबांना दुपारपर्यंत कळलंच. त्यांनी तिला आत घेतलं आणि दार स्वतः लावलं.

"परवानगी कुणाची घेतली?"

"कुणाची नाही."

"बिघडवलेला टेस्टर देऊन मुलांना फसवलंत तुम्ही."

"टेस्टर बिघडतातच साहेब. म्हणून तर तो नियम आहे. बारातले दहा चढले. ही तार जिवंत असती तर आज दहा घरी निरोप धाडावे लागले असते."

साहेब खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी आवाज एकदम मऊ केला, आणि साहेबांचा मऊ आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असे. टेबलावर एक कागद होता. वर लिहिलं होतं: फिल्ममधील आशय तपासला, बरोबर आहे. खाली तिच्या सहीची जागा.

"हे बघा मॅडम. तुमच्या वहीतलं चाचणीचं पान मी काढून घेतलंय, त्यावर तुमच्या बहिणीच्या नावापुढे फुली आहे. तुमच्याच हातची. नियमाने बघायला गेलो तर ती नापास, म्हणजे घरी. इथे सही करा. चाचणी झालीच नाही असं समजू. ती शुक्रवारी अध्यक्षांसमोर प्रात्यक्षिक करेल आणि सोमवारी कामावर रुजू होईल. पहिली मुलगी. तुम्हाला नकोय का हे?"

हवं होतं. फार हवं होतं. तिने कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "उद्या देते."

घरी धाकटी तिची वाटच बघत होती. बूटसुद्धा काढले नव्हते.

"तू मला सगळ्यांसमोर पाडलंस, ताई. मुलं मला काय म्हणतायत माहितीये? पोस्टरवाली पडली. आणि तुझ्या सहीवर माझं सगळं अडलंय म्हणे. तुझी वही राहू दे बाजूला, कर ना सही."

"आणि सोमवारी तू खऱ्या तारेखाली जाशील तेव्हा?"

"तेव्हा मी परत येईन सहा पावलं. मला काय माहीत नाही का तो नियम? मी काय निष्काळजी आहे का?"

त्या शब्दावर दोघींचीही नजर बाबांकडे गेली. बाबांच्या अपघाताच्या अहवालात कंपनीने तोच शब्द लिहिला होता. टेस्टर सकाळी पेटीपाशी बोलला होता, खांबापाशी गप्प राहिला, आणि बाबा परत न येता चढले होते. बाबांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि घरात कुणी विचारलंही नव्हतं. बाबा एका मिक्सरचं भांडं पुसत बसले होते. त्यांनी ते खाली ठेवलं.

"मलाही माहीत होता तो नियम," ते म्हणाले. "तुम्हाला वाटतं मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं. वर्गाच्या भिंतीवर तक्ता होता, अठरा नियम. तेव्हाचे साहेब एकेक ओळ वाचायचे आणि आम्ही त्यांच्यामागे वाचायचो. रोज. माझे सगळे पाठ होते." आणि त्यांनी मान सरळ करून, शाळेत म्हणतात तसं म्हणून दाखवलं, "वाहिनीची तपासणी केल्यानंतर तपासणी उपकरणाची कार्यक्षमता पुनश्च पडताळून पाहावी."

धाकटीने चमकून वर पाहिलं. फिल्ममधल्या त्या भारदस्त गृहस्थांचं हेच वाक्य होतं, शब्द न् शब्द. फिल्मवाल्यांनी टाचणीचा साधा मजकूर बाजूला सारून जुना तक्ताच उचलला होता.

"अकरावा," बाबा म्हणाले. "पाठ होता. पण माझे पाय पेटीकडे कधी परत गेलेच नव्हते. आम्हाला कुणी चालायला लावलंच नाही. त्यांनी लिहिलं निष्काळजीपणा, आणि मीही एकोणीस वर्षं तेच खरं मानून बसलो. आज सकाळी ती दहा पोरं चढताना बघितली. त्यात माझी होती. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, दहाच्या दहा एकदम निष्काळजी कसे असतील?"

त्यांनी भांडं पुन्हा उचललं आणि पुसायला लागले. ते आधीच लख्ख होतं. धाकटी बूट काढून आत गेली. 

सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता, वर न बघता ती म्हणाली, "ताई, सही केलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

टाचणीने सही केली. फक्त सहीच्या आधी 'बरोबर आहे' हे दोन शब्द खोडले आणि त्याजागी स्वच्छ अक्षरात लिहिलं: चूक आहे. अकरावा नियम ऐकू येतो, दिसत नाही. ही फिल्म पाहून माणूस मरेल. कागदाच्या तीन प्रती काढल्या, एक आवकजावक खिडकीवर शिक्का मारून घेतली, एक अध्यक्षांच्या कार्यालयात पाठवली, आणि एक साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी कागद वाचला, फाडला आणि गोदामाच्या अधिकाऱ्याला बोलावून नव्या कागदावर त्याची सही घेतली. त्या भल्या माणसाने फिल्म पाहिलेलीही नव्हती. आवकजावक खिडकीवर साहेबांचा माणूस होता, त्यामुळे अध्यक्षांची प्रत टपालाच्या पिशवीत गेलीच नाही. टाचणीला तोंडी हुकूम मिळाला: आजपासून जुन्या फायलींच्या खोलीत. "आणि बहिणीचा निकाल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," साहेब म्हणाले. "शुक्रवारी ती काय करते ते बघून तो कुठे पाठवायचा ते ठरवतो."

फायलींच्या खोलीत खिडकी नव्हती. टाचणीने पहिल्याच दिवशी एकोणीस वर्षांपूर्वीचा बाबांचा अहवाल शोधून काढला आणि बाजूला ठेवला. तिला कुणी हाकललं तरी ती हात वर करून बसणाऱ्यातली नव्हती.

शुक्रवारी मैदानात मांडव, खुर्च्या, पडदा आणि ध्वनिक्षेपक. पडद्याजवळ लाल बटण, ते अध्यक्षांनी दाबायचं की फिल्म सगळ्या केंद्रांवर एकदम सुरू. त्याआधी धाकटीचं प्रात्यक्षिक. साहेबांनी तिला बजावलं होतं: फिल्ममध्ये आहे तसंच, त्यात कमी नाही, जास्त नाही. टाचणीला बोलावणं नव्हतं, म्हणून ती सगळ्यात मागे, कुंपणाला टेकून उभी राहिली. बाबांना जुने कर्मचारी म्हणून तिसऱ्या रांगेत जागा मिळाली होती.

धाकटी आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने जिवंत पेटीला टेस्टर लावला. पीं. ध्वनिक्षेपकावर भारदस्त गृहस्थ स्वतः होते, मानधन देऊन आणलेले. "उपकरण सुस्थितीत आहे," ते म्हणाले. धाकटी सहा पावलं चालून खांबापाशी गेली, काठी वर केली. शांतता. "वाहिनी बंद असल्याची खात्री झाली," गृहस्थ म्हणाले. "आता आपली वीरकन्या वर चढत आहे."

वीरकन्या चढली नाही. ती वळली आणि चालायला लागली. एक, दोन, तीन, टाचणी मागे उभी राहून मोजत होती, चार, पाच, सहा. धाकटीने टेस्टर पेटीला लावला. पेटीवरचा लाल दिवा जळत होता, आणि टेस्टर गप्प होता.

टाचणीने तो टेस्टर तेव्हा ओळखला. तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बाबा समोर बघत होते, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, आणि त्यांच्या कॉलरला एक टाचणी लावलेली होती.

साहेब हसऱ्या चेहऱ्याने दोन पावलं पुढे आले. "चढ," ते दबक्या आवाजात म्हणाले. "अगं तार बंदच आहे."

"टेस्टर मेलाय, साहेब," धाकटी म्हणाली. तिने आवाज दबका ठेवला नाही. "तार बंद आहे की नाही ते मला माहीत नाही. मी चढणार नाही."

"फिल्ममध्ये चढलीस ना?"

"फिल्ममध्ये चढले. मंगळवारी चाचणीतही चढले, कारण फिल्ममध्ये चढले होते. माझा निकाल तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याचं काय करायचं ते करा. आज नाही चढणार."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. अध्यक्ष वयस्क होते आणि इतका वेळ जरा पेंगुळले होते, ते आता पुढे झुकले. "ती परत का आली?" त्यांनी विचारलं.  साहेबांनी सवयीने मागे, कुंपणाकडे पाहिलं, विभागात असं कुणी काही विचारलं की ते जिच्याकडे बघत तिच्याकडे. टाचणी हलली नाही.

"हे फिल्ममध्ये आहे का?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"होतं," टोपीवाला दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून म्हणाला. त्या बिचाऱ्याला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं. "मीच कापलं. रिपीट वाटलं होतं."

मग तुकडीतला एकजण खुर्चीतून उठला आणि जाऊन धाकटीच्या बाजूला पेटीपाशी उभा राहिला. त्याच्यामागून दुसरा उठला. बाकीचेही उठले. मंगळवारी चढलेले आणि न चढलेले, शेवटी तेविसाच्या तेवीस तिथे जाऊन उभे राहिले. अध्यक्षांचा हात लाल बटणाजवळ होता, तो त्यांनी मांडीवर परत घेतला.

"मला पूर्ण दाखव," ते धाकटीला म्हणाले. "पहिल्यापासून."

टाचणी कुंपणापासून निघाली, खुर्च्यांच्या मधून चालत बाबांपाशी आली आणि तिने हात पुढे केला. बाबांनी कॉलरची टाचणी काढून दिली. ती पेटीपर्यंत गेली, साहेबांच्या अगदी शेजारून, आणि टेस्टरच्या तळाच्या छिद्रात टाचणी खुपसून तो धाकटीच्या हातात दिला. ध्वनिक्षेपकावरच्या गृहस्थांनी घसा खाकरला. "तुम्ही नको," ती त्यांना म्हणाली. "त्यांना बघू दे."

धाकटीने टेस्टर पेटीला लावला. पीं. ती खांबापाशी गेली, काठी वर केली, थांबली. मग वळली आणि परत चालत आली, सावकाश, सगळ्यांच्या देखत. सहा पावलं चालायला तिला चार सेकंद लागले. मांडवातला एकही माणूस कंटाळला नाही.